वीसपैकी वीस

बुटीबोरीच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, १२ मिलिमीटर व्यासाच्या पिना होतात. हजाराचा लॉट. त्यातल्या वीस पिना स्नॅप गेजला, म्हणजे जाडी तपासायच्या मापाला, लावायच्या, वीसही पास झाल्या की रिपोर्टवर सही. मे महिन्यात असाच सही केलेला एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. हजारच्या हजार पिना तपासल्या, तर पन्नास जाड. गेजच्या 'गो' बाजूतही, म्हणजे चांगली पिन जिच्यातून सहज जाते तिच्यातही, शिरत नव्हत्या.

"काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? आपले वीसच्या वीस ओके होते ना," सुपरवायझर म्हणाले.

हे वाक्य मला सहन होत नाही. हजारात पन्नास खराब, म्हणजे उचललेली पिन चांगली असण्याची शक्यता ०.९५. वीसही चांगल्या निघायला ०.९५ वीसदा एकमेकांशी गुणायचे. उत्तर येतं ०.३६ च्या आसपास. असे शंभर लॉट आले तर छत्तीस आपण सही करून सोडणार! ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायला एकोणसाठ पिना तपासाव्या लागतात. कागदावर मांडून दाखवलं, तर ते गाडीची वेळ सांगू लागले.

मग मशीनवर गेलो. ऑपरेटर खाली मान घालून म्हणाला, "सर, इन्सर्ट झिजलं होतं, मधातच बदललं. सांगाचं राहून गेलं."

इन्सर्ट म्हणजे मशीनमधलं धातू कापणारं पातं. ते झिजत गेलं की पीस जाड होत जातो. म्हणजे त्या पन्नास पिना लॉटभर विखुरलेल्या नव्हत्या, लागोपाठ पडून क्रेटच्या मधल्या थरात बसल्या होत्या. वर होता नव्या इन्सर्टचा माल, आणि माझ्या वीस पिना मी वरूनच उचलल्या होत्या. ०.३६ हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा प्रत्येक पिनेला हातात येण्याची सारखी संधी असते. वरून एकोणसाठ काय, शंभर उचलल्या असत्या तरी एकही खराब सापडली नसती.

ऑपरेटरवर रिपोर्ट लिही, असं मला सांगण्यात आलं. मी लिहिला नाही. इन्सर्ट बदलल्याची नोंद करायला मशीनपाशी साधी वहीसुद्धा नाही, त्या पोराला काय बोलणार?

संध्याकाळी दुसरा लॉट गाडीत चढत होता. त्याच्याही रिपोर्टवर माझीच सही. क्रेट उतरवून तळापर्यंत रिकामे करायला लावले, वरच्या, मधल्या, खालच्या थरांतून पिना घेतल्या. पास झाल्या. पण याआधी वरवरच्या पिना पाहून मी सह्या केल्या, त्या लॉटांचं काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.