तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनात ह्यांचा पार्किन्सन्स वाढला का?

जिन्यात, बँकेत, लग्नकार्यात कुणी भेटलं की हमखास विचारतं, "काकू, काकांचा पार्किन्सन्स कोरोनात एकदम वाढला ना हो?" ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय ते तर मुद्दाम फोन करतात. उभ्या उभ्या मी "हो" म्हणते, पण ते उत्तर खरं नाही. आज नीट सांगते.

२०१४ पासून ह्यांचा दिवस गोळ्यांच्या वेळांवर बांधलेला. सकाळी सात, अकरा, तीन, सात. गोळीचा अंमल चढला की बाग, तिथला कट्टा, येताना भाजी. घरी आले की मेथी निवडायची. बोटांना व्यायाम म्हणून मीच ते काम दिलं होतं. एका जुडीला तास लागायचा, पण एक काडी चुकून यायची नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि बाग, कट्टा, भाजी सगळंच सुटलं. मे उजाडेपर्यंत हे बोलेनासे झाले. दाढी करणं सोडलं. मोरीच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडायला लागले. एकदा मी मेथीची जुडी समोर ठेवून आंघोळीला गेले. परत आले तर जुडीचा दोरासुद्धा सोडलेला नव्हता आणि हे नुसते तिच्याकडे बघत बसलेले. मी म्हटलं, "अहो, मन जरा खंबीर करा. सगळ्या जगावर संकट आलंय." माझं ते वाक्य मला अजून टोचतं.

त्याच आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास ह्यांनी विचारलं, "मला कोरोना झाला आणि उचलून नेलं, तर अकराची गोळी अकराला कोण देणार गं?" काय उत्तर देणार? कोविड वॉर्डात घरच्यांना प्रवेश नव्हता. गोळीला तासभर उशीर झाला की ह्यांना कुशीवरही वळता येत नाही, आणि ही गोळी एकदम बंद पडणं तर धोक्याचंच. म्हणजे भीती खोटी नव्हती. ती दोन महिने एकट्यानं वाहिली होती.

डोस वाढवून घ्यावा म्हणून मी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बोटांची उघडमीट करायला लावली, खुर्चीतून उठवलं, चालवलं. मग विचारलं, "काका, सध्या मन कशात लागतं?" बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "कशातच नाही."

त्या दिवशी कळलं ते सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मनःस्थिती सांभाळणारी सेरोटोनिनसारखी इतर रसायनंही त्यात बिघडतात. म्हणून नैराश्य आणि चिंता ही या आजाराचीच लक्षणं आहेत. काही जणांत ती कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधी दिसतात. त्यात फिरणं बंद, माणसं बंद, वर ही भीती. आणि ओळखणं अवघड, कारण हालचाल मंदावणं, आवाज बारीक होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं हे पार्किन्सन्समध्ये आणि नैराश्यात सारखंच. सगळं जग मास्क लावायला लागलं त्याच्या कितीतरी आधीपासून ह्यांच्या चेहऱ्यावर आजारानं मुखवटा चढवलेला होता. त्यामागचं दुःख मला दिसलं नाही.

पार्किन्सन्सच्या गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. नैराश्यासाठी वेगळं औषध सुरू झालं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागला. संध्याकाळी हे गच्चीत चालायला लागले. गोळ्यांची नावं आणि वेळा मोठ्या अक्षरांत लिहून, दोन दिवसांच्या गोळ्यांसह एक पिशवी दाराच्या खुंटीला टांगली. ह्यांना सर्वात जास्त झोप त्या पिशवीनं दिली असं मला वाटतं.

तुमच्या घरी पार्किन्सन्स असेल, अपस्मार असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, तर पुढच्या तपासणीत मनाचं तुम्हीच काढा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आता मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी टेलिमानस मदत क्रमांकही आहे, मराठीतूनही बोलता येतं. आम्हाला तेव्हा तो नव्हता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीतून बारीक आवाजात हाक आली, "अगं, ही मेथी कुणाकडून घेतलीस? नुसत्या काड्या आहेत."