रॅचेट तुरुंगात, क्लँक मोहिमेवर, मी ओट्याजवळ

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या खोक्यात दादाचा पीएसपी, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, सापडला. २००९ साली त्याने पहिल्या सुट्टीतल्या कामाच्या पैशांतून घेतलेला, ३००० मॉडेल, काळा. सोबत तीन यूएमडी, म्हणजे त्यात घालायच्या खेळांच्या डिस्क, त्यातली एक 'सीक्रेट एजंट क्लँक' या खेळाची. तेव्हा मी लहान होतो आणि दादाच्या खांद्यावरून बघण्यापलीकडे मला तो हातात मिळायचा नाही. दादा शिकायला पुण्याला गेला, मशीन खोक्यात गेलं आणि खेळ अर्धाच राहिला. या वेळी ठरवलं, हा खेळ मी शेवटपर्यंत नेणार. लागले पाच आठवडे. त्यातला पहिला आठवडा खेळायला नाही, मशीन जिवंत करायला गेला. जुना पीएसपी घरात पडून असलेले बरेच जण आहेत, म्हणून तेही सविस्तर लिहितो.

बॅटरी फुगली होती. मागचं झाकण उचललं गेलेलं दिसलं तर अजिबात चार्जिंगला लावू नका, टोचूही नका. मी ती हळूच काढली आणि जुने मोबाईल गोळा करणाऱ्या दुकानात देऊन आलो. ऑनलाइन मागवलेली नवी बॅटरी दोन दिवसांत बंद पडली. आली तेव्हा डब्यावर लिहिलेलं आणि आत असलेलं यांचा काही संबंध नव्हता. पण पीएसपी बॅटरीशिवाय थेट चार्जरवरही चालतो. पाच व्होल्टचा मूळ चार्जर खोक्यात होता, त्याने काम भागलं. दर वेळी तारीख-वेळ नव्याने टाकावी लागते, तेवढंच.

डिस्कचं दुखणं मोठं होतं. यूएमडी म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचात बंद असलेली सहा सेंटिमीटरची छोटी तबकडी. त्या कवचाची पारदर्शक बाजू वर्षांनी सुटते. आमची सुटून एका बाजूने लोंबत होती. झटपट चिकटणारा गोंद वापरायचा मोह होतो, पण त्याच्या वाफेने तबकडीवर पांढुरका थर बसू शकतो. मी दुसऱ्या, खराब झालेल्या फुटबॉलच्या यूएमडीचं कवच शिवणीतून पातळ ब्लेडने उघडलं, आतली तबकडी बाजूला ठेवली आणि क्लँकची तबकडी फक्त कडेला धरून त्यात बसवली. दोन्ही अर्धुकं दाबून मिटली आणि कडेला अगदी अरुंद पारदर्शक टेप लावली. टेप जाड झाली की झाकण मिटत नाही, मी दोनदा सोलून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा झाकण टक् करून बसलं, आतून तो ओळखीचा घरघर आवाज आला आणि पडद्यावर खेळाचं चित्र उमटलं. माझे हात थरथरत होते. चौदा-पंधरा वर्षांनी तो आवाज ऐकत होतो.

आता खेळाबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'रॅचेट अँड क्लँक' ही इन्सोम्नियॅक गेम्सची मालिका २००२ साली प्लेस्टेशन २ वर सुरू झाली. रॅचेट हा मोठ्या कानांचा, हातात पाना घेतलेला मेकॅनिक. क्लँक हा गुडघ्याएवढा रोबो. युद्धयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काहीतरी बिघाड होऊन तो लहानखुरा निघाला, म्हणून टाकाऊ ठरलेला. बहुतेक वेळ तो रॅचेटच्या पाठीवर पिशवीसारखा बसलेला असतो, पंखा होऊन त्याला हवेत तरंगवतो आणि शहाण्यासारखं बोलतो. २००४ च्या 'अप युअर आर्सेनल'मध्ये गंमत अशी केली होती की अख्ख्या आकाशगंगेत क्लँक टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकेचा नायक म्हणून गाजलेला असतो, आणि लोक रॅचेटला त्याचा ड्रायव्हर समजतात. रॅचेटचा चेहरा पडतो. त्याच कल्पनेतून हाय इम्पॅक्ट गेम्सने २००८ साली पीएसपीसाठी हा वेगळा खेळ केला. पुढच्या वर्षी तो प्लेस्टेशन २ वरही आला.

सुरुवात बोल्टेअर संग्रहालयात होते. काळा सूट, बो टाय, पाय न वाजवता चालणारा क्लँक. आणि तिथे त्याच्या डोळ्यांदेखत 'आय ऑफ इन्फिनिटी' हे रत्न चोरताना कोण दिसतं? रॅचेट. रॅचेट तुरुंगात जातो. आपल्या मित्राने हे केलं असेल यावर क्लँकचा विश्वास बसत नाही, आणि तो एकटा शोधाला निघतो. यामागे कोण, ते लिहीत नाही. २००४ चा खेळ खेळलेल्यांना वास येईल.

चार्जरच्या वायरीमुळे माझी जागा ठरलेली होती: स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला मिक्सरचं सॉकेट आहे, त्याशेजारी स्टूल. संध्याकाळी आई पोळ्या करायची आणि मी खेळायचो. पहिले चार दिवस मी सपाटून मार खाल्ला. कारण मी क्लँकला रॅचेटसारखा खेळवत होतो. पहारेकरी दिसला की धावत जायचं, ठोसे मारायचे. एक पडायचा, तोवर दुसरा आरडाओरडा करायचा, मग सगळे. क्लँकचे हात आखूड आहेत, ठोसा लागतो पण जोर नाही.

आई एकदा लाटणं हातात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, तो एवढासा आहे. त्याला मागून जाऊ दे की."

तिने पुढे काहीच सांगितलं नाही, पण माझा खेळ तिथून बदलला. पहारेकरी कुठे वळतो, किती वेळ पाठ करून उभा राहतो, हे आधी बघायचं. मग पाठीमागून अगदी हळू जायचं. पुरेसं जवळ गेलं की पडद्यावर बटणाचं चिन्ह येतं, योग्य वेळी ती बटणं दाबली की पहारेकरी आवाज न करता आडवा. पीएसपीवर क्लँकला चालवायची ती चपटी काडी वर्षांनी ढिली होते, हळू चालायला हाताला सवय करावी लागते. मी ती उघडून खालचं रबर स्पिरिटने पुसलं, त्याने बराच फरक पडला. दुसरं, पीएसपीला दुसरी काडी नाही, कॅमेरा एल आणि आर बटणांनी फिरवावा लागतो. कोपऱ्यावर पोचायच्या आधी थांबून कॅमेरा फिरवून घ्या. माझे निम्मे बळी कॅमेऱ्याने घेतले.

शस्त्रं मला फार आवडली, कारण एकही शस्त्र शस्त्रासारखं दिसत नाही. बो टाय काढून फेकला की बूमरँगसारखा लोकांना लागून परत गळ्यात येतो. शर्टाच्या कफला लावायच्या बटणांचे बॉम्ब. ब्रीफकेस उघडली की ज्वाळा. छत्री उघडली की विजा. कोटाला खोचलेलं फूलसुद्धा कामाचं. आणि डोळ्याला लावायचं एक भिंग आहे, त्याने क्लँक शत्रूचं रूप घेतो आणि त्यांच्यामधून चालत जातो. वापरत गेलं की शस्त्रं सुधारत जातात, ही या मालिकेची जुनी रीत. माझा सल्ला: बो टायवर सुरुवातीपासून मेहनत घ्या, शेवटपर्यंत साथ देतो.

या खेळातला विनोद मला जसजसा पुढे गेलो तसा जास्त समजत गेला. क्लँक स्वतः कधीच विनोद करत नाही. डेव्हिड के यांचा तो मृदू, अदबशीर आवाज आणि भोवती सगळा गोंधळ. तो आपलं काम मनापासून करतो, म्हणूनच हसू येतं. त्याच्या अगदी उलट कॅप्टन क्वार्क. हा हिरव्या कपड्यातला पिळदार गृहस्थ आपल्या पराक्रमांच्या कथा सांगत बसतो, आणि त्या फुगवलेल्या कथा आपल्यालाच खेळाव्या लागतात. आईला क्वार्क आला की आवडायचं. "आला बाई हा थापाड्या," म्हणून गॅस बारीक करायची.

रॅचेटचे भाग तुरुंगात आहेत. एकामागून एक कैद्यांच्या टोळ्या अंगावर येतात, आणि तिथे धुमाकूळच घालावा लागतो. क्लँकसोबत अर्धा तास दबकत चालल्यावर ते भाग हात मोकळे करायला बरे वाटतात, पण माझ्या मते जास्त आहेत. गॅजबॉट नावाच्या छोट्या रोबोंची कोडी मात्र आणखी असती तरी चाललं असतं. बर्फावरून घसरत जाण्याचा भाग झटकन होतो.

मला सगळ्यात जास्त अडवलं ते लेझरच्या जागांनी. तिथे आपण क्लँकला चालवत नाही. बटणांची चिन्हं एकामागून एक येतात, नेमक्या क्षणी तीच बटणं दाबायची, आणि पडद्यावर क्लँक किरणांमधून वाकत, उड्या मारत जातो. एक चुकलं, दोन चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. एका ठिकाणी मी तीन संध्याकाळी अडकलो. आई भजनी मंडळात टाळ वाजवते. तिसऱ्या संध्याकाळी तिने माझ्याकडे नाही, पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तुला चिन्ह दिसतं तेव्हा तू दाबतोस. तोवर उशीर झालेला असतो. ते येतंय हे तुला माहीत आहे ना? मग आधी धर." आणि ओट्यावर बोटांनी ठोके द्यायला लागली. एक, दोन, तीन, एक, दोन. मी चिन्हांकडे बघणं कमी केलं आणि तिच्या बोटांकडे कान दिला. चौथ्या प्रयत्नाला क्लँक पलीकडे पोचला, कोटावरची धूळ झटकून उभा राहिला. आईने पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

एक मोठा फटकाही बसला. एशियॅनिका शहराच्या छपरांवरचा लांबलचक भाग जवळजवळ संपवला होता, आणि वीज गेली. बॅटरी नसल्यामुळे क्षणात पडदा काळा. मध्ये कुठेच सेव्ह केलं नव्हतं. दीड तासाचं काम गेलं आणि मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर सेव्ह, आणि भारनियमनाच्या वेळेत खेळायचं नाही. दहा दिवसांनी ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून चांगली बॅटरी मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा गच्चीत बसून खेळलो. पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओट्याजवळच्या स्टुलावर आलो, कारण आईला पुढे काय झालं ते बघायचं होतं.

मेमरी कार्डवर दादाचं सेव्ह अजून होतं. मी त्याला हात लावला नाही, माझं वेगळं केलं. एकदा मात्र उघडून बघितलं. तो तुरुंगातल्या एका लढाईवर थांबला होता. रॅचेट मध्ये उभा, हातात पाना.

शेवटची लढाई मी एका रविवारी दुपारी जिंकली. आठ वेळा हरलो, नवव्यांदा जमलं. जमलं ते बो टाय आणि छत्री आलटून पालटून वापरून, आणि घाई न करता. श्रेयनामावली चालू असताना मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि पडदा दाखवला. तो बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "रॅचेट सुटला?"

"सुटला," आई मागून म्हणाली. "आणि तुझं अर्धं राहिलेलं तसंच ठेवलंय त्याने. दिवाळीला आलास की बस."