उत्पन्न जास्त दाखवा

आमच्या धंद्यात उत्पन्न नेहमी खालीच जातं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या फाटकासमोर माझं सेवा केंद्र आहे. आधी टायपिंग होतं, मग दाखले आले. शिष्यवृत्ती असो की घरकुल, समोर बसलेला माणूस आवाज बारीक करून विचारतो, "किती लिवता, भाऊ?" पुढे 2024 च्या जुलैत लाडकी बहीण आली, तेव्हा तर अडीच लाखांच्या आत बसायला अख्खा तालुका माझ्या पायरीवर होता.

म्हणून मे 2024 चा तो दिवस विसरता येत नाही. नवतपा सुरू होता, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. काकाजी आले, मागे त्यांचा मोठा मुलगा. कापडी पिशवी टेबलावर उपडी केली: सातबारा, आठ-अ, जिनिंगच्या काट्याच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, एलआयसीचे कागद.

"भाऊ, उत्पन्न जास्त दाखवा. जेवढं दाखवता येते तेवढं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

प्रकरण मला माहीत होतं. मुलाची बायको इंग्लंडात सरकारी दवाखान्यात नर्स. नागपूरला शिकली, 2018 ला तिकडे गेली, पाच वर्षं पूर्ण करून 2023 मध्ये कायम वास्तव्य मिळवलं. फेब्रुवारीत लग्न झालं, ग्रामसेवकाकडे नोंद झाली, तीन आठवड्यांनी ती परत गेली. नवऱ्याला तिकडे न्यायचं होतं.

मार्चमध्ये हे दोघं माझ्याकडे येऊन गेले होते. तेव्हा मी काय म्हणालो, ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "गहू निघू द्या, काकाजी. एप्रिलच्या शेवटी निवांत बसू. काही कठीण नाही." शिकायला बाहेर गेलेल्या दोन-तीन पोरांच्या कर्जाच्या फायली मी केल्या होत्या. बापाचं उत्पन्न, मामाची एफडी, घराचं मूल्यांकन, सीएचा शिक्का. हेही तसंच असेल, असं मी धरून चाललो. वाचलं काहीच नाही.

आणि 11 एप्रिलला जोडीदाराच्या व्हिसाचा तिकडचा नियम बदलला. 2012 पासून तिकडच्या जोडीदाराची वर्षाची कमाई 18,600 पौंड असली की पुरत होतं, ते 29,000 झालं. त्या वेळच्या भावानं तीस लाखांच्या वर. बदल होणार हे तिकडच्या सरकारनं डिसेंबरातच सांगून टाकलं होतं. 11 एप्रिलच्या आधी अर्ज गेला असता, तर जुन्याच आकड्यावर तपासला गेला असता. आम्ही तेव्हा गहू काढत होतो.

मी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून सगळं वाचलं होतं, म्हणून पिशवीतले कागद बघून पोटात गोळा आला. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"काकाजी, हे काहीच मोजत नाहीत."

"कावून? अकरा एकर हाये. मागच्या साली पन्नास क्विंटलच्या वर कापूस झाला."

समजावायला अर्धा तास गेला. जो इथून जाणार, त्याची इथली नोकरी, इथली शेती, काही धरत नाहीत, कारण तो निघाला की ती कमाई मागे राहते. एवढं तरी पटण्यासारखं आहे. पण सासऱ्यानं दर महिन्याला पैसे पाठवतो असं लिहून दिलं, तरी ते उत्पन्नात धरत नाहीत. मोजतात ती तिकडच्या माणसाची कमाई, म्हणजे सुनेची पगारपत्रकं, आणि तोच पगार ज्यात जमा झाला त्या बँक खात्याचे उतारे. सहा महिन्यांचे. तेही शिळे चालत नाहीत. शेवटचा कागद अर्जाच्या तारखेच्या आधीच्या 28 दिवसांतला पाहिजे. म्हणजे मार्चमध्ये मी जमवून ठेवलेली तिची पगारपत्रकंही गेली.

मुलगा गप्प बसून होता. मग म्हणाला, "म्हणजे माहं काहीच नाही त्याच्यात?"

काय सांगणार? लग्नाची नोंद, टीबीची तपासणी, इंग्रजीची सोपी परीक्षा, एवढं त्याचं. उत्पन्नाच्या रकान्यात त्याच्या नावापुढे शून्य. पोट्टा पहाटे चारला उठून मोटार लावणारा.

सुनेला फोन लावला. आपल्याकडे दुपारचा एक, तिकडे सकाळचे साडेआठ. रात्रपाळी करून नुकतीच आली होती, चेहरा सुजलेला.

"मामाजी, तुम्ही कशाले उन्हात आले?" मग माझ्याकडे वळून, "काका, मी वाचलं सगळं. अडचण माही हाये."

तिचा पूर्ण पगार 34,581 पौंड होता. पण लग्नाच्या आधी पाठीच्या दुखण्यानं तिनं तास कमी करून घेतले होते, आठवड्याला साडेसदतीसचे तीस. पगार झाला 27,665. जुन्या नियमात आरामात बसली असती. आता 1,335 पौंड कमी.

तुटवडा बचतीनं भरता येतो, हे मला सापडलं होतं. मी खुशीत आकडेमोड मांडली. पण तो हिशोब आपल्या डोक्यात बसणारा नाही. पहिले 16,000 पौंड नुसते बाजूला ठेवायचे, ते जमेत नाहीतच. त्याच्यावर तुटवड्याची अडीच पट. 1,335 कमी पडतात म्हणून 19,338 दाखवायचे, वीस लाखांच्या वर. (पगार अजिबातच नसता तर 88,500.) आणि ती रक्कम सहा महिने खात्यात हवी.

काकाजींनी सातबारा पुढे सरकवला. "रस्त्यालगतचे दोन एकर काढतो."

मी कधी गिऱ्हाइकाला जमिनीबद्दल बोलत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. त्या दिवशी बोललो. जमीन मुलाच्या स्वतःच्या नावावर असती तर विक्रीच्या पैशाला सहा महिन्यांच्या अटीतून वाट होती. सातबारा काकाजींच्या नावावर. पैसा मुलाला बक्षीस दिला, तरी त्याच्या खात्यात आला त्या दिवसापासून सहा महिने मोजायचे. विकूनही दिवाळीच्या पुढे थांबणंच होतं.

"विकू नका मामाजी," ती फोनवरून म्हणाली. "मी एक जूनपासून पूर्ण तास घेतो. बोलणं झालं माहं वॉर्डात."

"अन् पाठ?"

"पाठ हाये तशी हाये."

सहा महिन्यांत ज्या महिन्याचा पगार सर्वांत कमी, तोच धरतात. म्हणजे मे महिन्याची पावती मध्ये आली की सगळं बिघडलं. जून ते नोव्हेंबर पूर्ण पगार, मग डिसेंबरात अर्ज. मी पाठकोऱ्या कागदावर सहा महिने एकाखाली एक लिहिले. मुलगा ते वाचत होता. त्याच्या तोंडून निघालं, "पेरणीपासून वेचणीपर्यंत."

मग मी फीचं सांगितलं. अर्जाचे 1,846 आणि आरोग्याच्या अधिभाराचे 3,105 पौंड, मिळून सव्वापाच लाखांच्या घरात. काकाजी तेवढं ऐकून हलले नाहीत. त्यांना दुसरंच खटकत होतं. "तिची नोकरी पक्की नव्हती तवा नेता आलं असतं का याले?"

हो. तो प्रश्न मला टाळायचा होता. ती कामाच्या व्हिसावर होती तोवर नवऱ्याला अवलंबित म्हणून नेताना हा पगाराचा उंबरठा नव्हताच. ती कायमची झाली आणि नियम बदलला. काकाजी बराच वेळ मान हलवत राहिले. "पक्की झाली म्हनून अडली," एवढंच म्हणाले.

मार्चबद्दल मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमाले तरी काय मालूम." मला माहीत असायला हवं होतं. पैसे मी घेतले नाहीत. त्यानं सहा महिने परत येत नाहीत, पण घ्यायला हात झाला नाही.

निघताना काकाजी दारातून वळले. पिशवी काखेत.

"भाऊ, आलोच हाये तर धाकटीच्या शिष्यवृत्तीचा दाखलाही टाकून द्या."

"उत्पन्न किती लिहू?"

"नेहमीचंच लिवा."