दुखत नाही, मग सुट्टी द्या

ऐन कापूस वेचणीत आमच्या यवतमाळकडे पोटाला छिद्र पडलेले पेशंट हमखास येतात. कंबर धरली की मेडिकलमधून सुटी गोळी, तीही उपाशीपोटी, वर खर्रा. हे काकाजी तसेच आले. पोट ताठ, रक्तदाब खालावलेला, वजन ४५ किलो. रात्रीच ऑपरेशन.

आतलं सगळं सर्जननी निस्तरलं. मी भूलतज्ज्ञ, मला चिंता पुढची. बेंबीच्या वर मधोमध चीर असली की दुखेल म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. ज्या गोळीनं छिद्र पडलं त्याच जातीचं डायक्लोफेनॅक टोचणं शक्य नाही. मॉर्फिन आमच्याकडे नसतं. जंतुसंसर्ग पसरलेला, म्हणून एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यात नळी घालून औषध देणं, तेही बाद. राहिला ब्लॉक, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणं.

त्याला सोनोग्राफी हवी. मशीन आहे, पण कुलपात. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली मशीनची नोंदणी जागेसकट होते. कायदा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण भूलतज्ज्ञाला ते ऑपरेशन थिएटरमध्ये मिळावं म्हणून कागद हलवायला कोणी तयार नाही, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून पोट शिवण्याआधीच दोन्ही बाजूंना, पोटाचा उभा रेक्टस स्नायू आणि त्याच्या मागच्या आवरणाच्या मधे, एकेक साधी एपिड्युरलची नळी सर्जनकडून बसवून घेतली. पोट उघडं असतं तेव्हा सुई कुठे चाललीय ते आतून बोटांना कळतं. बधिर करणारं बुपिव्हॅकेन ०.२५ टक्के, प्रत्येक बाजूला १५ मिली. म्हणजे एकूण ७५ मिलिग्रॅम, किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आत. ‘पोट फाडलं की दुखणारच’ म्हणणाऱ्या या सर्जननी नळ्या इतक्या निगुतीनं बसवल्या की मी बघत राहिले. पुढचे डोस मीच दिले. अख्खा वॉर्ड एकटीनं सांभाळणाऱ्या रात्रीच्या सिस्टरवर तेही लादणं अन्याय झाला असता.

सकाळी काकाजींना बसवलं, जखमेवर उशी धरायला दिली. खणखणीत खोकले. म्हणाले, “बाई, पोट चिरलं का नाई जी?” आतड्यांची आतली कळ ब्लॉकनं जात नाही, तिला पॅरासिटामॉल पुरलं. संध्याकाळी वॉर्डात चालले.

चौथ्या दिवशी नळ्या काढल्या आणि त्यांनी सुट्टी मागितली. “दुखून नाई राह्यलं तं कायले ठेवता? वेचणीले माणूस नाई.” मी समजावलं, सर्जन रागावले. मुलानं सही केली आणि घेऊन गेला.

“मॅडम, थोडं दुखू दिलं असतं तर थांबला असता,” सर्जन अजून म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. पेशंटला खाटेवर ठेवायला वेदना वापरायची नसते. पण या औषधानं दुखणं थांबतं, जखम भरत नाही, हे घरच्यांना कोणी आणि कधी सांगायचं, याला आमच्या कुठल्याच फॉर्मवर जागा नाही. संमतीपत्रावर मृत्यूपर्यंत सगळं छापलेलं आहे, हे नाही.

टाके काढायचा दिवस उलटून गेला. गावच्या आशाताईंना फोन केला. काकाजी शेतात आहेत, म्हणाल्या, उद्या मुलाच्या गाडीवर बसवून धाडते.