हिचवर बाईक न्यायची, तर आधी वजनाचा हिशेब

मोटरसायकलचं हिच कॅरिअर ही तशी साधी वस्तू. गाडीच्या मागे बोल्ट केलेल्या जोडणीच्या, म्हणजे हिचच्या, चौकोनी नळीत (रिसीव्हरमध्ये) दांडा सरकवायचा, पिन घालायची, दांड्यावर आडव्या बसवलेल्या पन्हळीत बाईक चढवायची आणि चार पट्ट्यांनी आवळायची. अमेरिकेत ज्यांच्याकडे ट्रेलर उभा करायला जागा नाही, किंवा ज्यांची एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, ड्राइव्हवेवर ट्रेलर दिसला की नोटीस धाडते, त्यांना याचा मोह पडतो आणि तो रास्तही आहे. ट्रेलर म्हटला की टायर, बेअरिंग, पार्किंग, बहुतेक राज्यांत वेगळी नंबर प्लेट, असं सगळं मागे लागतं. कॅरिअर गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवता येतं. पण कॅरिअरच्या खोक्यावर '५०० पौंड' छापलेलं असतं आणि बरेचजण तेवढं वाचून ऑर्डर देऊन मोकळे होतात. ती क्षमता त्या कॅरिअरच्या लोखंडाची. तुमची गाडी किती पेलेल, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

ते चार ठिकाणी शोधावं लागतं: गाडीच्या मॅन्युअलमधली टंग वेटची (हिचवर खाली दाबणाऱ्या वजनाची) मर्यादा, हिचवरच्या पट्टीवरची टंग वेटची मर्यादा, कॅरिअरची क्षमता, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधली मागच्या ॲक्सलची मर्यादा, म्हणजे जीएडब्ल्यूआर. पहिल्या तिघांपैकी सगळ्यात लहान आकडा तुमचा, आणि चौथा वर सांभाळायचा. दोन इंची क्लास ३ हिचवर ८०० पौंड टंग वेट लिहिलेलं असेल, पण ज्या गाडीला ते बोल्ट केलंय ती ३५० चीच असेल, तर ८०० विसरा. सव्वा इंची रिसीव्हर क्लास १ किंवा २ चा असतो, म्हणजे फार तर २०० ते ३५० पौंड. त्याला दोन इंची करणारा ॲडॉप्टर मिळतो. त्याने दांडा बसतो, ताकद मात्र तेवढीच राहते. मोटरसायकलसाठी सव्वा इंचीच्या वाटेला जाऊच नये.

आपल्या लोकांच्या दारात हमखास दिसणाऱ्या गाड्या घेऊ. होंडा सीआर-व्ही १,५०० पौंड ओढते, म्हणजे टंग वेट त्याच्या दहा टक्के, १५० च्या आसपास. विषय तिथेच संपला. होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएना ३,५०० पौंडांची, टंग वेट ३५०. फ्रेमवर बांधलेली ५,००० पौंड ओढणारी एसयूव्ही असेल, तर ५००. आता बाईक बघा. होंडा सीआरएफ३००एल पेट्रोल-ऑइलसह ३०९ पौंड. यामाहा टीडब्ल्यू२०० जवळपास २७८. लहान मुलांची सीआरएफ११०एफ १७०. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन मिळवायचं: ॲल्युमिनियमचं साधारण ६० पौंड, लोखंडी ८० ते १००. म्हणजे सीआरएफ३००एल आणि लोखंडी कॅरिअर मिळून ३९० च्या घरात. ओडिसीची मर्यादा इथेच ओलांडली.

आणि हा झाला फक्त वजनाचा हिशेब. तरफेचा अजून बाकी आहे.

टंग वेटची मर्यादा ठरवताना वजन ट्रेलर ज्यावर टेकतो त्या बॉलवर धरलेलं असतं. बॉल रिसीव्हरच्या पिनपासून साधारण ८-१० इंच मागे असतो. कॅरिअरवरची बाईक पिनपासून १८ इंच किंवा त्याहून मागे बसते, कारण हँडल आणि पेडल मागच्या काचेला लागू नयेत म्हणून पन्हळ लांब ठेवावीच लागते. पाण्याची भरलेली बादली अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं, एवढा फरक. ९ इंचांवर ३५० पौंड म्हणजे ३,१५० इंच-पौंडाचा पीळ. टीडब्ल्यू२०० आणि ॲल्युमिनियमचं कॅरिअर मिळून ३३८ पौंड, ते १८ इंचांवर म्हणजे ६,०८४. वजन मर्यादेच्या आत, पण हिचच्या वेल्डवर आणि गाडीच्या मागच्या पत्र्यात गेलेल्या बोल्टांवर येणारा जोर जवळपास दुप्पट. शिवाय ट्रेलरचं वजन त्याची चाकं पेलतात. इथे चाकं नाहीतच, त्यामुळे खड्ड्यातला प्रत्येक दणका थेट रिसीव्हरवर येतो. रिसीव्हर लांबवणारा एक्स्टेंडर लावला की क्षमता निम्मी धरा, असं बहुतेक एक्स्टेंडरांवरच लिहिलेलं असतं, ते याच कारणाने. बाईकच्या कॅरिअरला एक्स्टेंडर कधीही लावू नये.

म्हणून माझा ठोकताळा असा: बाईक, कॅरिअर, पट्टे, सगळं मिळून सगळ्यात लहान मर्यादेच्या तीन चतुर्थांशात बसलं पाहिजे. ५०० ची एसयूव्ही असेल तर ३७५. सीआरएफ३००एल ॲल्युमिनियमच्या कॅरिअरवर ३६९ होते, बसते. ओडिसीला २६२ मिळतात. ११०एफ आणि कॅरिअर मिळून २३०, तीही बसते. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चं वजन जवळपास भरलेल्या टाकीसह १९९ किलो, म्हणजे ४३९ पौंड. ती कॅरिअरवर घालायचा विचारच सोडा. तिच्यासाठी यू-हॉलचा मोटरसायकल ट्रेलर दिवसाच्या भाड्याने घ्यावा. हिशेबात बसत नसेल तर बाईकची टाकी रिकामी करून वजन वाचवू, असं काहींना वाटतं. पेट्रोल गॅलनला सहा पौंड भरतं. दोन गॅलन काढून बारा पौंड वाचले, त्याने गणित बदलत नाही.

ॲक्सलचा हिशेब वेगळा करायचा, कारण तिथे खरा धक्का बसतो. गाडीचा व्हीलबेस ११८ इंच, मागच्या ॲक्सलपासून पिन ४४ इंच, पिनपासून बाईकचा मध्य १८ इंच, असं धरू. ॲक्सलच्या मागे ६२ इंचांवर ३९० पौंड. ३९० ला ६२ ने गुणून ११८ ने भागलं की २०५ येतात. एवढं वजन पुढच्या चाकांवरून उचललं जातं. आणि मागच्या ॲक्सलवर ३९० नव्हे, ५९५ पौंड चढतात. जीएडब्ल्यूआरमधून रिकाम्या गाडीचं मागच्या ॲक्सलवरचं वजन आणि हे ५९५ वजा करा, मग मागच्या सीटवर किती माणसं आणि डिकीत किती सामान बसेल ते कळतं. अंदाज नको असेल तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल हा वजनकाटा असतो. पुढची चाकं एका पाटावर, मागची दुसऱ्यावर उभी करायची. दोन्ही ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापलेली पावती मिळते. एकदा बाईकसकट आणि एकदा बाईकशिवाय वजन करावं.

पुढची चाकं हलकी होण्याचा त्रास मिनीव्हॅनला जास्त, कारण इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना असतो. ओल्या चढावर चाकं फिरतात, स्टीअरिंग पोकळ लागतं, आणि हेडलाइट वर उचलले गेल्याने समोरचा डोळ्यावर हात धरतो. मागे एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी) किंवा हेल्पर स्प्रिंग बसवली की गाडी दिसायला सरळ होते. ॲक्सलवरचं वजन मात्र जिथल्या तिथे असतं आणि मर्यादाही वाढत नाही.

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे कॅम्परवाल्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कॅम्परच्या मागच्या टोकाला बाईक लटकवू नका. ५,००० पौंडांचा कॅम्पर, पुढचा टंग वेट ६००, म्हणजे १२ टक्के, उत्तम. ॲक्सलपासून बॉल १६ फूट पुढे आणि कॅरिअर १३ फूट मागे असेल, तर ३९० पौंडांनी टंगवरचे ३१७ पौंड उचलले जातात. उरले २८३, एकूण ५,३९० च्या फक्त सव्वापाच टक्के. दहा टक्क्यांखाली गेलेला कॅम्पर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा लागला की आवरत नाही. शिवाय बऱ्याच कॅम्परचा चौकोनी मागचा बंपर पातळ पत्र्याचा असतो, सांडपाण्याचा पाइप ठेवायला केलेला.

आता जोडणी. रिसीव्हर आणि दांडा यांच्यात थोडी फट असतेच. दांडा आत सारून पिन घातल्यावर कॅरिअरचं टोक दोन्ही हातांनी वर-खाली करून पाहा: पिनजवळ केसभर वाटणारी हालचाल टोकाला इंचभर होते. रस्त्यावर हीच हालचाल हजारो वेळा होऊन पिनचं भोक लांबट होतं. यावर उपाय म्हणजे रिसीव्हरला आणि दांड्याला एकत्र आवळणारा यू-बोल्टचा शिकंजा. तो सोबत आलेला नसेल तर वेगळा घ्यावाच. पिन पाच-अष्टमांश इंची, शक्यतो कुलपाची. कॅरिअरचे बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायचे आणि पहिल्या पंचवीस-तीस मैलांनंतर थांबून पुन्हा तपासायचे. नव्या रंगाचा थर दबतो आणि बोल्ट ढिले होतात.

बाईक चढवताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावलेला, पुढच्या चाकामागे-पुढे ठोकळे. अमेरिकेत रॅम्प उजव्या, म्हणजे फुटपाथाच्या बाजूने लावावा, म्हणजे वाहतुकीत पाठ करून उभं राहावं लागत नाही. बाईक चालू करून क्लचवर चढवायची नाही. माणसाने ढकलायची, एकाने हँडल आणि पुढचा ब्रेक धरून, दुसऱ्याने मागून. ती पन्हळीच्या टोकावर आली की सगळं वजन एका बाजूला पडतं, कॅरिअर पिळतो आणि गाडीचा तो कोपरा बसतो. हा क्षण माहीत नसलेला माणूस दचकून बाईक सोडतो. तिथे थांबायचं नाही, त्याच वेगाने मध्यापर्यंत न्यायची. गिअरमध्ये टाकायची, आणि पुढचे दोन्ही पट्टे हाताने ताणून लागेपर्यंत हँडल सोडायचं नाही.

पट्टे दीड इंची रॅचेटचे, पॉलिस्टरचे घ्या. नायलॉन भिजला की ताणतो. पट्ट्यावर दोन आकडे असतात. मोठा तुटण्याचा, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका कामाचा. बघायचा तो लहान. पुढचे पट्टे हँडलच्या टोकांना नाही, तर फोर्कचे दोन्ही दांडे जोडणाऱ्या खालच्या ट्रिपल क्लॅम्पला सॉफ्ट लूप (कापडी फास) घालून बांधायचे. हँडलला बांधलं तर ते क्लॅम्पमध्ये फिरतं, पट्टा क्षणात सैल होतो. फोर्क साधारण अर्धा दबेपर्यंत आवळा. पूर्ण दाबला तर सील जातात. कमी दाबला तर खड्ड्यात फोर्क आणखी दबतो, पट्ट्याला झोल पडतो आणि उघडा हुक कडीतून उडी मारतो. हुकला स्प्रिंगची जीभ असलेलेच पट्टे घ्यायचे ते यासाठी. डर्ट बाईकला पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये फोर्क सेव्हरचा ठोकळा बसतो, त्याने फोर्क ठरावीक उंचीलाच थांबतो. मागचे दोन पट्टे सबफ्रेमला (सीटखालच्या सांगाड्याला) किंवा फूटपेगच्या ब्रॅकेटला, आणि मागचं चाक पन्हळीला वेगळं बांधायचं, नाहीतर शेपूट पन्हळीतून निसटून आडवं येतं. मोकळ्या लांब पट्ट्याला अर्धा पीळ दिला की वाऱ्यात फडफडत नाही. फडफडणारा पट्टा तासाभरात स्वतःची कड कुरतडतो. सायडस्टँड वर, पेट्रोल कॉक बंद. कार्ब्युरेटरच्या बाईकवर कॉक उघडा राहिला तर हादऱ्याने फ्लोटची सुई हलते आणि पेट्रोल रस्ताभर ठिबकतं.

गाडीचा सायलेन्सर कुठे उघडतो ते बघितल्याशिवाय निघू नका. मागे सरळ तोंड असेल तर गरम धूर थेट बाईकच्या टायरवर किंवा प्लॅस्टिकवर येतो. चढावर तासभर चाललेल्या गाडीमागे टायरची बाजू वितळल्याची उदाहरणं नेहमीची आहेत. धूर खाली वळवणारी टोपी दुकानात सहज मिळते.

कायद्याचं म्हणाल तर दोन बाबी अडवतात. एक, नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाणं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम ५२०१ प्लेट स्पष्ट दिसली पाहिजे म्हणतं. इतर राज्यांतही अशीच सक्ती आहे. चार पिनांच्या ट्रेलर सॉकेटवर चालणारी दिव्यांची पट्टी बाईकच्या मागे बांधा आणि प्लेट तिच्यावर हलवण्याबद्दल आपल्या राज्याचा नियम बघा. दोन, रुंदी. बाईक साधारण ८४ ते ८८ इंच लांब, गाडी ७३ ते ७९ रुंद. काही राज्यांत प्रवासी गाडीवरचा भार डाव्या फेंडरच्या बाहेर अजिबात आणि उजव्या फेंडरच्या बाहेर ६ इंचांपेक्षा जास्त येऊन चालत नाही. म्हणजे बाईक मधोमध न ठेवता उजवीकडे सरकवावी लागेल, आणि तसं केलं की पीळ पुन्हा वाढतो. त्यामुळे हे टेप लावून आधी मोजा.

चालवताना वेग ताशी ६० मैलांच्या आसपास, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. मागच्या टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, थंड असताना. रिव्हर्सचा ऑटोमॅटिक ब्रेक मेनूतून बंद करा, नाहीतर गाडी बाईकलाच अडथळा समजून जागच्या जागी थबकते. ड्राइव्हवेच्या उतारावर तिरकं चढा, कॅरिअर घासत नाही. पहिला थांबा पंधरा-वीस मैलांवर, पट्ट्यांचा ताण बघायला. मग प्रत्येक पेट्रोल पंपावर पुन्हा. बाईक उतरवली की कॅरिअरही काढून ठेवा. रिकामा असताना तो आरशात दिसत नाही आणि पार्किंगमध्ये कुणाच्या तरी नडगीला लागतो. शिवाय दांडा रिसीव्हरमध्ये महिनोन्महिने राहिला तर गंजून तिथेच बसतो, आणि मग हातोडा मारून काढावा लागतो.