आमची वाटचाल: आधी डेकनेट, मग बाकीचं

१९९०च्या दशकात भोसरीत आम्ही नेटवर्क देखभालीचं काम सुरू केलं. तेव्हा बऱ्याच कारखान्यांत प्लॅनिंगला व्हॅक्स (डेक कंपनीचा संगणक) असायचं, अकाउंट्सला नॉव्हेल नेटवेअर (फायली आणि प्रिंटर सगळ्यांना वाटून देणारी सर्व्हर प्रणाली), आणि दोन्हींची ये-जा एकाच केबलवरून. केबल टाकून देणारे पुष्कळ होते. आम्हाला बोलावणं यायचं ते "व्हॅक्सला जोडलं की नॉव्हेल जातं" या तक्रारीसाठी.

डेकनेट फेज फोर, म्हणजे व्हॅक्सशी बोलायची नेटवर्कची भाषा, नेटवर्क कार्डाचा मूळ मॅक ॲड्रेस (कार्डाला कारखान्यातच मिळालेला पत्ता) बाजूला सारून स्वतःचा लावतं. सुरुवात ठरलेली, एए-००-०४-००; पुढचे दोन बाइट नोडच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या त्या मशीनच्या, क्रमांकावरून. एरिया ५, नोड १२ असेल तर ५ गुणिले १०२४ अधिक १२, म्हणजे ५१३२. हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) १४०सी, बाइट उलटे लिहून ०सी-१४. नवीन मुलगा कामावर आला की आम्ही त्याला आधी हे कागदावर सोडवायला लावायचो. नॉव्हेलची भाषा आयपीएक्स मात्र कार्डाचा पत्ताच आपला नोड नंबर म्हणून उचलतं. ते आधी सुरू झालं आणि मागून डेकनेटनं पत्ता बदलला, की सर्व्हरची उत्तरं जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि कार्ड ती घेतच नाही. उपाय एवढाच: डेकनेट आधी, बाकीचं नंतर. स्टार्टअप फाइलमधल्या दोन ओळी खाली-वर करण्याचे पैसे कसले, हे मालकांना समजावताना चहाच्या फेऱ्या व्हायच्या.

पुढे सगळीकडे टीसीपी-आयपी आलं आणि हे ज्ञान भंगारात गेलं असं वाटलं. पण जुनी व्हॅक्स इम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकून व्हीएमवेअरवर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढवायची कामं आली. तिथला व्हर्च्युअल स्विच, मॅक बदलायला मनाई असेल, तर डेकनेटच्या फ्रेम (डेटाची पाकिटं) गुपचूप टाकून देतो. सेटिंगमध्ये 'मॅक ॲड्रेस चेंजेस' आणि 'फोर्ज्ड ट्रान्समिट्स' यांना परवानगी द्यावी लागते. सिक्युरिटीवाले कुरकुरतात, आणि त्यांचंही बरोबर असतं. म्हणून त्या मशीनला आम्ही पोर्ट ग्रुपच (व्हर्च्युअल स्विचवरचा स्वतःच्या सेटिंगचा गट) वेगळा देतो.

हल्ली दुखणं व्हीआरआरपीचं, म्हणजे एक राउटर पडला तर दुसऱ्यानं त्याच पत्त्यावर काम उचलायच्या सोयीचं. त्याचा पत्ता ००-००-५ई-००-०१ आणि शेवटी ग्रुप नंबर. एकाच व्हीलॅनवर (स्विचमध्ये वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर) राउटरच्या दोन जोड्यांना ग्रुप १ दिला की स्विचला तोच पत्ता कधी या पोर्टवर दिसतो, कधी त्या. म्हणून एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कोटेशनसोबत आम्ही पत्त्यांचा कोरा तक्ता देतो. ग्राहकाकडे तो भरणारं कोणी नसेल, तर पहिल्या महिन्याचं काम तेच.