सीटखालचा सबवूफर सुरू का होईना

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या वॅगन-आरमध्ये मी सबवूफर, म्हणजे गाण्यातला खर्जाचा ठेका वाजवणारा स्पीकर, बसवून घेतला. डिकी अडवणारी मोठी लाकडी पेटी मला नको होती, कारण गावाहून येणारी तांदळाची पोती त्याच डिकीतून येतात. म्हणून ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली मावणारा, आठ इंची स्पीकर आणि त्याला ताकद देणारा अॅम्प्लिफायर एकाच चपट्या धातूच्या पेटीत असलेला प्रकार निवडला. पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात दोन तासांत तो बसवून झाला, तिथल्या मुलाने एफएम लावून वाजवून दाखवला आणि मी पैसे देऊन निघालो. वाटेत मोबाइल ब्लूटूथने जोडला तेव्हा गाण्यातला ठेका एकदम पातळ झाला. मोबाइलच्या सेटिंगमध्ये काहीतरी चुकले असेल असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले. पुढच्या रविवारी मात्र एफएम लावूनही पेटीवरचा निळा दिवा लागला नाही, आणि त्यानंतर तो लागलाच नाही.

दुकानात फोन केला. "साहेब, पीस खराब निघाला असेल. काढून आणा, कंपनीकडे पाठवू, तीन-चार आठवडे लागतील," असे उत्तर मिळाले. काढून नेण्यापूर्वी आपण स्वतः पाहावे असे ठरवले. डोळ्यांदेखत वाजलेली वस्तू आठवड्याभरात बंद पडते, तेव्हा वस्तूपेक्षा तिच्या जोडणीवर आधी संशय घ्यावा, हे मी घरातल्या मिक्सरमुळे शिकलो आहे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून कधीकाळी घेतलेला स्वस्तातला मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब आणि प्रवाह मोजणारा मीटर, कपाटात पडून होताच.

असा अॅम्प्लिफायर सुरू होण्यासाठी तीन तारा लागतात. पहिली बॅटरीच्या धन टोकापासून थेट येणारी जाड लाल तार. तिच्यावर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज असावा लागतो, कारण पुढे कुठे ती पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी वीज तोडणारे दुसरे काहीही मध्ये नसते. दुसरी काळी, म्हणजे अर्थिंगची तार. गाडीची सगळी लोखंडी बॉडीच बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असल्यामुळे ही तार जवळच्याच पत्र्यावर कसतात. तिसरी बारीक तार रिमोटची. नाव तसे असले तरी हातात धरायच्या रिमोटशी तिचा काही संबंध नाही. स्टिरिओ सुरू झाला की तो या तारेवर १२ व्होल्ट सोडतो आणि तो इशारा मिळताच अॅम्प्लिफायर जागा होतो; स्टिरिओ बंद झाला की अॅम्प्लिफायरही झोपतो. काही सबवूफर स्पीकरच्या तारांवर असलेला साधारण ६ व्होल्टचा दाब ओळखून आपोआप सुरू होतात आणि त्यांना ही तिसरी तार लागत नाही, पण माझ्यात ती सोय नाही. आवाजाचा सिग्नल मात्र मागच्या स्पीकरच्या तारांवरूनच घेतलेला होता.

बॉनेट उघडून फ्यूज पाहिला. १५ अँपिअरचा निळा फ्यूज डोळ्यांना ठीक दिसत होता, पण डोळ्यांवर विसंबून राहण्यात अर्थ नसतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना मीटर लावला. दोन्हीकडे १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचा दाब. मग सीटखाली हात घालून पेटीच्या कनेक्टरवर लाल आणि काळ्या तारेमध्ये मोजले, तिथे १२.४ मिळाले. या आकड्याने मला दोन दिवस फसवले.

रिमोटच्या तारेवर मात्र लगेच काहीतरी हाती लागले. ब्लूटूथवर गाणे चालू असताना तिथे शून्य होते. एफएम लावले की १२ व्होल्ट. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या मागे दोन निळ्या तारा असतात. पूर्ण निळी तार अँटेनासाठी असते, पूर्वीच्या गाड्यांत मोटरने वर येणारी अँटेना असे तिच्यासाठी, आणि अनेक स्टिरिओंमध्ये ती फक्त रेडिओ चालू असतानाच जिवंत होते. निळी-पांढरी पट्ट्यांची तार अॅम्प्लिफायरसाठी असते आणि ती कोणतेही माध्यम लावले तरी १२ व्होल्ट देते. दुकानातल्या मुलाने घाईत निळी तार पकडली होती, आणि तपासणीही एफएमवरच केल्यामुळे चूक त्याच्या लक्षात येण्याचे काही कारण नव्हते. मला वाटेत जाणवलेल्या पातळ ठेक्याचा उलगडा झाला. मी स्टिरिओ बाहेर ओढला, जोड निळ्या-पांढऱ्या तारेवर नेला, टेप गुंडाळली आणि विजयी मुद्रेने गाणे लावले. दिवा लागला नाही.

एक दोष सापडला, तो दूर झाला, आणि तरीही वस्तू सुरू होत नाही, या अवस्थेत माणूस आपण केलेली दुरुस्तीच चुकीची समजून ती पुन्हा उलटी करू लागतो. मीही तारा पुन्हा निळीवर नेण्याच्या बेतात होतो. पण एफएमवरसुद्धा दिवा लागत नव्हता, आणि निळी तार तर तेव्हा १२ व्होल्ट देत होती. म्हणजे रिमोटची चूक खरी असली तरी आजच्या बंद पडण्याचे कारण ती एकटी असू शकत नव्हती. खात्रीसाठी पेटीजवळच लाल तारेपासून रिमोटच्या टोकापर्यंत छोटा तुकडा जोडून पाहिला. एवढे केल्यावर स्टिरिओचा प्रश्नच उरत नाही आणि चांगला अॅम्प्लिफायर सुरू व्हायलाच हवा. तो झाला नाही. लाल-काळ्यावर १२.४ व्होल्ट, रिमोटवरही १२, तरी पेटी गप्प. तेव्हा दुकानदाराचे म्हणणेच खरे असावे, असे मला वाटू लागले.

आमच्या सोसायटीतले एक काका वायरमन म्हणून निवृत्त झाले आहेत आणि कुणाच्याही गाडीचा दरवाजा बराच वेळ उघडा दिसला की खाली येतात. त्यांनी माझे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, हे सगळं तू बिनलोडचं मोजलंयस. लोड देऊन बघ." त्यांनी घरून ब्रेकलाइटचा जुना २१ वॅटचा बल्ब आणला, त्याला दोन तारा डकवल्या आणि पेटीच्या कनेक्टरवर लाल-काळ्यामध्ये लावला. बल्ब लागला नाही. मीटर जिथे १२.४ दाखवत होता, तिथेच. मग त्यांनी बल्बचे एक टोक लालवर ठेवून दुसरे सीटच्या रुळाच्या उघड्या लोखंडाला टेकवले, आणि बल्ब लख्ख पेटला.

मल्टिमीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्याचा अंतर्गत रोध १० लाख ओहमच्या घरात किंवा त्याहून अधिक असतो. त्यामुळे मधल्या जोडात वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी मीटरला तो जाणवतही नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो आणि सबवूफर वाजू लागला की त्याहूनही बरेच जास्त. एवढा प्रवाह त्या अडथळ्यातून जायला लागताच सगळा दाब तिथेच खर्च होतो आणि वस्तूपर्यंत काही पोहोचत नाही. तोटीच्या आत गाळ अडकलेला नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, नळ उघडला की धार बारीक होते, तसाच हा प्रकार. मी नंतर रिमोटचा तुकडा जोडलेला ठेवून पुन्हा मोजले, तर लाल-काळ्यामधले १२.४ घसरून ३ व्होल्टच्या खाली आले होते, आणि त्याच वेळी लाल ते उघडे लोखंड मात्र १२.४ वरच स्थिर होते. लाल तार निर्दोष, काळी दोषी, याहून स्पष्ट पुरावा नसतो.

गालिचा उचलला. काळ्या तारेच्या टोकाचे थिंबल, म्हणजे स्क्रूखाली बसणारी धातूची कडी, एका पत्र्याच्या पट्टीवर स्वतःच आटे पाडणाऱ्या स्क्रूने कसलेले होते, पण पट्टीवरचा रंग खरवडलेला नव्हता आणि थिंबलखाली गालिच्याचे तंतू अडकले होते. पहिल्या दिवशी स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम संपर्क झाला असणार. नंतर खड्ड्यांनी स्क्रू ढिला केला. स्क्रू काढून पाहिला तर बोटांनीच फिरत होता. सीटबेल्टचा बोल्ट शेजारीच होता, आणि तो वापरण्याचा मोह होतो, पण सुरक्षेच्या बोल्टखाली तारा अडकवू नयेत हे काकांनी ठासून सांगितले. नवे भोक पाडण्याचाही विचार केला नाही, कारण फरशीच्या खालून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात. बॉडीत आधीपासून असलेल्या एका आट्याच्या भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत काढला, थिंबल थेट धातूवर बसवले, वर दातेरी वॉशर घातला, बोल्ट पान्याने कसला आणि गंज लागू नये म्हणून शेवटी ग्रीस चोपडले. कसण्याआधी ग्रीस लावायचे नसते.

रिमोटचा तुकडा काढला, ब्लूटूथवर गाणे लावले, आणि निळा दिवा लागला. आवाज वाढवून बॅटरीचे ऋण टोक आणि पेटीचे काळे टोक यांच्यामध्ये मोजले तर अवघे ०.०५ व्होल्ट आले. हा आकडा जितका शून्याजवळ, तितके अर्थिंग चांगले.

दुकानात ही हकीकत सांगितली तेव्हा त्या मुलाने मोकळेपणाने चूक मान्य केली, पण पुढे म्हणाला की रिमोटची कटकट नको असेल तर ती तार सरळ स्टिरिओमागच्या, बॅटरीची वीज सतत आणणाऱ्या पिवळ्या तारेला जोडावी. हा सल्ला ऐकू नये, कारण मग अॅम्प्लिफायर कधी झोपतच नाही. गाणे बंद ठेवून माझा सबवूफर किती प्रवाह घेतो ते मी मोजले, तो ०.४ अँपिअर निघाला. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तासांपेक्षा थोडे जास्त. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी यात चार दिवसांत पूर्ण रिकामी होईल, आणि स्टार्टर फिरणे त्याच्या बऱ्याच आधी थांबेल.

या मोजणीसाठी मीटरची लाल दांडी १० अँपिअरच्या भोकात घातली होती आणि ती तिथून काढायला मी विसरलो. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला ऐटीत "हे बघ, इथे साडेबारा व्होल्ट" असे दाखवायला गेलो, तर टिचकीएवढी ठिणगी उडाली आणि सबवूफर पुन्हा बंद. त्या भोकात दांडी असताना मीटर म्हणजे नुसती जोडतार असते. या वेळी शोधावे लागले नाही. बॉनेटखालचा निळा फ्यूज उडाला होता. आता तसे दोन फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आहेत.